हरकत आणि इरादा

(नाशिकच्या गोदाघाटावर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी मजकूर. बोलताना केलेली विषयांतरं तशीच ठेवली आहेत.)



पटांगणाकडे येताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांची नजर सवयीने नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे गेली असेल. उन्हाळ्यात तो कोरडाठाक उभा असतो, पोरं त्याच्या पायाशी बसून भेळ खातात. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हाच मारुती गावाचा अधिकारी होतो. धरणावरून क्युसेकचे आकडे येतात, ते कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. लोक फोनवर एवढंच विचारतात, "कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीला लागलं. त्यावरून भांडी बाजारातला दुकानदार ठरवतो, माल वर चढवायचा की अजून चहा घ्यायचा. ही मोजपट्टी कुठल्या खात्याने बसवलेली नाही आणि कुठल्या राजपत्रात छापलेलीही नाही.

मी एकतीस वर्षं नगररचना खात्यात आरेखक होतो. ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन, ॲमोनियाच्या वासाचे नकाशे, हे माझं आयुष्य. एकतीस वर्षांत मी नकाशावर हजारो रेघा मारल्या. त्यातली एकही रेघ मारुतीच्या छातीएवढी खरी होती का, हा प्रश्न निवृत्तीनंतर पडला. नोकरीत असताना पडायला हवा होता, पण तेव्हा साहेब होते.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, ते पेशाने शिक्षक. नगररचनेशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. त्यांना एकच नाद होता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, बोट ठेवून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात जाहीर सूचना येतात, त्या ते कात्रीने कापत आणि चौकातल्या फळ्यावर खडूने साध्या मराठीत लिहीत. सूचनेत असायचं, 'सोबतच्या अनुसूचीत वर्णन केलेले क्षेत्र'. फळ्यावर यायचं, 'दत्तमंदिरामागचं मैदान, जिथं आपली पोरं खेळतात'. खाली मुदतीची तारीख, आणि तारखेखाली दुहेरी रेघ. मला त्या फळ्याचा राग यायचा, हे आज इथं कबूल करतो. फळा भरला की आमच्या टेबलावर अर्ज भरायचे.

त्या अर्जांना आमच्याकडे एकच नाव होतं, हरकती. सूचनेत शब्द असतात 'हरकती व सूचना', पण एकतीस वर्षांत 'सूचना' म्हणून आलेला अर्ज मला बोटांवर मोजता येईल. अर्ज करणारा हरकतदार. कायद्याने त्याला दिलेलं नातंच ते. आपण रोजच्या बोलण्यात पाहुण्याला म्हणतो, "हरकत नाही, या की!" आणि महापालिकेशी बोलायची वेळ आली की हरकत घेतल्याशिवाय आत शिरता येत नाही.

आता जरा कायद्याकडे वळू. कंटाळा येईल, पण पाच मिनिटं द्या. मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५चा, देशातला पहिला. नाशिकमध्ये ज्यांच्या खरेदीखतावर 'फायनल प्लॉट' असा शब्द आहे, त्यांनी घरी जाऊन बघा, ते त्या जुन्या टाउन प्लॅनिंग, म्हणजे टी. पी. स्कीमच्या वंशातलं आहे. पुढे १९५४चा कायदा आला, आणि आज आपण ज्याखाली नांदतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यात विकास योजनेची, म्हणजे आपल्या भाषेत डी. पी.ची, सगळी वाट घालून दिली आहे. आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा, मग प्रारूप, मग हरकती, मग नियोजन समितीपुढे सुनावणी, मग शासनाची मंजुरी. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि वरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. हे सगळं कलम २६, २८, ३१ वगैरे.

पण त्याच्याही आधी कलम २३ आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्यात म्हटलंय की नवी योजना करायची किंवा जुनी सुधारायची झाली, तर महापालिकेने आधी आपला 'इरादा' जाहीर करायचा. काय सुंदर शब्द आहे बघा, इरादा! एरवी हा शब्द आपण फक्त वाईट लोकांबद्दल वापरतो. आणि हा इरादा जाहीर करतानाच लोकांकडून सूचना व हरकती मागवायच्या, असंही तिथंच लिहिलेलं आहे. अजून पेन्सिल उचललेली नसते. कागद कोरा असतो. त्या वेळी तुम्ही जाऊन सांगू शकता की आमच्या वस्तीत दवाखाना नाही, मुलं खेळतात ते मैदान कागदावर मैदान नाही, नाल्याची जुनी वाट इथून जायची. माझ्या नोकरीत त्या टप्प्यावर आलेले अर्ज एका पातळ फायलीत मावायचे. प्रारूप प्रसिद्ध झालं की मात्र पोती भरायची. पुण्यात जुन्या हद्दीचं प्रारूप २०१३ साली निघालं, तेव्हा सत्त्याऐंशी हजार हरकती आल्या. एकेकाला पाच मिनिटं ऐकायचं म्हटलं तर किती तास होतात, ते तुम्हीच गुणून बघा. ते ऐकणं राहत नाही, हजेरी होते.

या उशिराची चव मी स्वतः घेतलेली आहे. एका तालुक्याच्या गावी, नाव नको, मी एका मोकळ्या गटावर हिरवा रंग भरला होता. क्रीडांगणाचं आरक्षण. आधाराचा मोजणी नकाशा जुना होता, त्यावर जागा रिकामी दिसत होती. सुनावणीला एक आजी आल्या. हातात शिधापत्रिका, विजेचं बिल, आणि तुळशीवृंदावनापुढे उभ्या असलेल्या सुनेचा फोटो. मी म्हणालो, "आजी, नकाशावर तर मोकळं दिसतंय." त्या म्हणाल्या, "मग नकाशा घेऊन या की घरी, त्याला दाखवू." खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. गटावर तेव्हा चौदा घरं होती. आरक्षण पुढे उठलं, पण ते उठेपर्यंत त्या घरांना ना बांधकाम परवानगी मिळाली ना बँकेचं कर्ज. एका दुपारी माझ्या ब्रशाला थोडा जास्त रंग लागला होता, एवढंच.

नाशिकची गोष्ट यापेक्षा मोठी. आपली महापालिका १९८२ची, नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी मिळून झालेली. तिची आधीची विकास योजना १९९३ साली मंजूर झाली. वीस वर्षांनी सुधारायची म्हणून नवा आराखडा तयार झाला आणि मंजुरीआधीच गावभर फिरला. कुणाच्या जमिनीवर आरक्षण, कुणाच्या जमिनीवरून रस्ता वळला, यावर चौकाचौकांत चर्चा. महासभेने तो फेटाळला. मग शासनाने स्वतःचा अधिकारी नेमला. त्याने नव्याने केलेलं प्रारूप २०१५च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालं, आणि अंतिम मंजुरी आली जानेवारी २०१७मध्ये, महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर. २०१५चा तो उन्हाळा आठवा. गाव सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांनी उकरलेलं होतं. घाट, पूल, रिंगरोड. अशा वेळी गट नंबर शोधत महापालिकेच्या राजीव गांधी भवनाच्या भिंतीवरचे नकाशे वाचायला कोण जाणार? गेले ते जमिनीचे मालक, आणि त्यांनी जायलाच हवं होतं. पण भाडेकरू गेला नाही. वाघाडी नाल्याकाठचा झोपडीवाला गेला नाही. बागेची गरज ज्यांना सर्वांत जास्त, ते कुणाच्याही सातबाऱ्यावर नसतात.

आणि इथं नाशिकची एक खास अडचण आहे. बाकीच्या शहरांना एक घड्याळ असतं, आपल्याला दोन. डी. पी.चं घड्याळ वीस वर्षांचं, सिंहस्थाचं बारा वर्षांचं. दुसरं घड्याळ नेहमी पहिल्याला पळवतं. बारा वर्षांत एकदा पैसा येतो, वेळ कमी असतो, आणि 'सिंहस्थासाठी' म्हटलं की सुनावणी लांबवणं पाप वाटायला लागतं. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांचा तळ काँक्रीटने भरला गेला. त्या वेळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, सोय वाटली. पुढे काही गोदाप्रेमी नागरिकांनी नगर भूमापनाचा जुना नकाशा शोधून काढला, त्यावर सतरा कुंडं नावानिशी दाखवली, आणि काँक्रीट काढा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अर्ज, स्मरणपत्रं, न्यायालय. काही कुंडांतलं काँक्रीट शेवटी निघालं. माझ्या खात्यातल्या माणसाने शिकण्यासारखी गोष्ट अशी, की ते लोक तक्रार घेऊन गेले नव्हते. नकाशा घेऊन गेले होते. नकाशासमोर नकाशा ठेवला की अधिकाऱ्याला मान वर करून बघावंच लागतं.

तपोवनाचं तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर २०२५मध्ये सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, तिथली अठराशेच्या आसपास झाडं काढण्याची नोटीस निघाली. शेकडो हरकती आल्या, सुनावणीला गर्दी झाली, आवाज चढले. झाडांना मिठ्या मारलेले फोटो देशभर गेले. मामला न्यायाधिकरणात गेला आणि डिसेंबरात तोडीला अंतरिम स्थगिती मिळाली. प्रशासनाचं म्हणणं होतं की मोठी जुनी झाडं राखू, बदल्यात कितीतरी पट झाडं लावू. मी त्या म्हणण्याची टिंगल करणार नाही. लाखो माणसं येणार, साधूंना जागा लागणार, हे खरंच आहे. साधुग्रामचं आरक्षण आकाशातून पडलेलं नाही, ते योजनेत आहे. पण दोन सिंहस्थांच्या मधल्या बारा वर्षांत त्या जागेवर काय व्हावं, हे कुणी कुणाला विचारलं होतं? झाडं वाढत होती तेव्हा विचारायला वेळ भरपूर होता. त्यातच त्या जागेवर प्रदर्शन केंद्राची निविदा निघाल्याचं लोकांना बातम्यांतून कळलं. सुनावणीत लोक चिडले ते झाडांवरून, हे अर्धंच खरं. मला वाटतं, आपल्याला इरादा कुणी सांगितला नाही, याचीच चीड त्यात अधिक होती.

आणि त्या सुनावणीत एक मुद्दा होता, तो माझ्यासारख्या खातेबाज माणसाच्या नजरेतून सुटत नाही. प्रस्ताव महापालिकेचा. वृक्ष प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी आयुक्त. एरवी वर महासभा असते, स्थायी समिती असते, शंभरावर नगरसेवकांपैकी कुणीतरी तावातावाने उठून बोलतो. पण मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली होती आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. प्रशासक म्हणजे आयुक्तच. महासभा तेच, स्थायी समिती तेच. महासभेचा ठराव स्वतःच मांडायचा आणि स्वतःच मंजूर करायचा. यात कुणा अधिकाऱ्याला दोष नाही, आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका अडकल्या आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २०२५च्या मे महिन्यात त्या घ्या म्हणून सांगावं लागलं. पण एवढी वर्षं नाशिककराला हरकत घ्यायला एकच खिडकी होती आणि खिडकीच्या आतही एकच माणूस होता.

नगरसेवक असले की सगळं छान, असंही मी म्हणत नाही. तुम्ही हसताय, म्हणजे कळलं. २०१७च्या रचनेत १२२ नगरसेवक आणि ३१ प्रभाग होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. भागून बघा, एका प्रभागात सरासरी अठ्ठेचाळीस हजार माणसं. एवढं तर पूर्वी तालुक्याचं गाव असायचं. आणि गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाकडे जायचं? पहिला म्हणतो दुसऱ्याच्या भागात येतं, दुसरा म्हणतो निधी तिसऱ्याने घेतला.

७४व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. आपल्याकडे सहा विभाग आहेत, पंचवटी, पूर्व, पश्चिम, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर, आणि समित्याही तशाच. म्हणजे दोन-अडीच लाखांना एक समिती. त्याहून खाली, अगदी मतदान केंद्रांच्या पातळीवर लोकांनी बसावं म्हणून २००९ साली राज्याच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' आल्या. गावाला ग्रामसभा तशी शहराला क्षेत्रसभा. केंद्राचा निधी हवा होता, त्याची ती एक अट होती. निधी आला. क्षेत्रसभा कुणी पाहिली आहे का? हात वर करा. नाही ना? मीही नाही.

मधे काही बरे प्रयोगही झाले. पुण्यात २००६पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं अर्जावर लिहून अंदाजपत्रकात सुचवतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ला जे सुरू झालं, त्याचं हे लांबचं भावंड. बाक, पथदिवे, पदपथ यापलीकडे ते फारसं गेलं नाही, पण सुरुवातीला बाक काही वाईट नाही. नाशिकमध्ये २०१८ साली तुकाराम मुंढे आयुक्त असताना 'वॉक विथ कमिशनर' व्हायचा. सकाळी उद्यानात रांग, टोकन, आयुक्त समोर, आणि तिथल्या तिथे अधिकाऱ्याला आदेश. लोकांना तो प्रकार आवडला होता, मलाही आवडला होता. साहेबासमोर थेट उभं राहण्याचं सुख काही वेगळंच. पण त्याच वर्षी करयोग्य मूल्य वाढवण्याचा निर्णय झाला आणि शहर पेटलं, तो निर्णय कुठल्या उद्यानात विचारून झालेला नव्हता. वर्षाच्या आत साहेबांची बदली झाली आणि रांगही गेली. दरबार भरला म्हणजे दाद मिळते, पण दरबारात शहर आखलं जात नाही.

मखमलाबादचं तसंच. स्मार्ट सिटीत शहराची निवड २०१६ला झाली, आणि मखमलाबाद-हनुमानवाडीच्या सातशेहून अधिक एकरांवर टी. पी. स्कीम करायचं ठरलं. कल्पना म्हणून मला ती वाईट वाटली नव्हती. जमीन संपादन न करता सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेलं ज्याचं त्याला परत द्यायचं. वाद झाला तो शेतकऱ्याला पंचावन्न टक्के द्यायचे की जास्त, इथून. पण मळ्यांच्या पारावर बसलं की वेगळंच ऐकू यायचं. "आमच्या द्राक्षबागेतून रस्ता कुठून जायचा हे आम्हाला विचारा, मग टक्क्यांचं बोलू." सादरीकरणं झाली, थ्रीडी चित्रं झाली, काही शेतकरी बाजूने, काही विरोधात, प्रकरण न्यायालयात. योजना जागेवरच राहिली.

थोडं गावाबाहेर जाऊ. १९१७च्या सुमारास होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगाने थैमान घातलं होतं. पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश प्राध्यापक तिथं नगररचनेचा अहवाल करायला आला. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळ फिरायचा, लोकांना वाटायचं हा घरं पाडायला आलाय, म्हणून शिव्या खायचा. त्याने दरबाराला सांगून दिवाळीची मिरवणूक स्वतःच्या हातात घेतली आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील तिथून जाईल. मग काय, घरं सारवली गेली, उकिरडे उपसले गेले, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि झाडूवाल्यांना नवे कपडे आणि हार. शेवटी राक्षसाचं दहन. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८चा आहे, त्याचे सिद्धांत आता नगररचनेच्या वर्गात शिकवतात. मला त्यातलं एवढंच आवडतं, की मार्ग ठरायच्या आधी त्याने मार्ग लोकांच्या हातात दिला. हे कलम २३च्या कितीतरी आधीचं आहे.

आता तारखा. सरांच्या फळ्यासारखं दुहेरी रेघ मारून सांगतो. २०१७ला लागू झालेल्या योजनेला २०२७ला दहा वर्षं होतात. कलम १२७ असं आहे, की दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. १९९३च्या योजनेतल्या कितीतरी बागा आणि शाळा अशाच हवेत विरल्या. २०२७ म्हणजे सिंहस्थाचं वर्ष. सगळी यंत्रणा घाटावर असेल, आणि त्याच महिन्यांत खरेदीच्या सूचना आवक-जावकच्या टेबलावर येऊन पडतील. आपल्या प्रभागातली कोणती आरक्षणं अजून ताब्यात आलेली नाहीत, ही यादी महापालिकेकडे मागता येते. एक अर्ज, एक पोच. आपल्या दत्तमंदिरामागचं मैदान त्यात आहे का, बघा.

आणि वीस वर्षांचा हिशोब धरला तर २०३७च्या आत योजना पुन्हा सुधारायची आहे. त्याआधी कधीतरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात, 'इरादा' हा शब्द छापून येईल.

निळ्या आणि लाल पूररेषांविषयी बोलायचं ठरवलं होतं, वेळ संपत आला. थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २००८च्या पुरानंतर त्या रेषा आखल्या गेल्या, जुन्या गावठाणातल्या कितीतरी वाड्यांची दुरुस्ती त्यांत अडकली. रेषा चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. पण सरस्वती नाल्याचं पाणी सराफ बाजारात कुठल्या ओट्यापर्यंत चढलं, हे त्या ओट्यावर बसणाऱ्यालाच माहीत आहे, आणि ते कुठल्याही कागदावर नाही.

म्हणून निघताना एक काम करा. फाटकाजवळच्या दिव्याखाली मी टेबल मांडलंय. त्यावर जुन्या नाशिकचा नकाशा पसरलाय, घाटापासून भद्रकालीपर्यंत, मीच काढलाय, हात अजून थरथरत नाही. शेजारी पेन्सिली आहेत, खोडरबर मुद्दाम ठेवलेलं नाही. २००८ला तुमच्या दारात पाणी कुठवर आलं होतं तेवढी रेघ मारा, आणि शेजारी पायरी, उंबरा, कोनाडा, जे काय असेल ते लिहा. फुटात सांगू नका.